एक जूनची तेरा नावं

नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द बोलले असेन, तर ‘नाही’. फुलं नाही. चपला आत नाही. कापलेली फळं नाही. घरचा डबा नाही. दोन नातेवाईक नाही, एकच, आणि तोही पास दाखवून. लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात मी अकरा वर्षं इन्चार्ज सिस्टर होते. दारात उभं राहून माणसं परत पाठवणं हे माझं निम्मं काम. मुलं मला पाठीमागं ‘नाय सिस्टर’ म्हणायची. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही. वॉर्डात कुणाचा तरी धाक असावा लागतो.

बाहेरच्या माणसाला हा सगळा खडूसपणा वाटतो, म्हणून आधी तो समजावून सांगते. या आजाराची औषधं जशी आजाराच्या पेशी मारतात, तशा रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारतात. त्या किती उरल्या, याला आम्ही ‘काउंट’ म्हणतो. काउंट खाली आला की तुमच्या-आमच्या साध्या सर्दीनंही मूल दगावू शकतं. झेंडूच्या फुलात, द्राक्षाच्या घडात, पाहुण्याच्या खोकल्यात, कशातही त्याला धोका. म्हणून आमच्या वॉर्डातल्या आया सकाळी उठल्या की चहाच्या आधी विचारायच्या, “सिस्टर, काउंट किती आला?”

अशा वॉर्डात पार्टी करायची परवानगी मागायला शेळके आले, तेव्हा मी काय म्हणाले असेन ते वेगळं सांगायला नको.

शेळके वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर, राहायला बजाजनगरला. कंपनीतले सात-आठ जण, त्यांच्या बायका आणि केक बनवणारे इरफानभाई असा त्यांचा गट होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचं आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलांचा बड्डे एकदम करायचा, अशी त्यांची कल्पना. मी चार वेळा नाही म्हटलं, ते पाच वेळा आले. शेवटी डॉक्टरांनीच होकार दिला आणि मला बोलायला जागा उरली नाही.

पहिल्या वेळी त्यांनी काय आणलं होतं? झेंडूच्या माळा, ढीगभर फुगे, समोसे आणि एक जोकर. माळा आणि समोसे मी दारातूनच परत केले. फुगा फुटला की नुकतीच सुई टोचून घेतलेलं पोर दचकतं, म्हणून फुगेही गेले. उरला जोकर. त्याला हात धुवायला लावले, गाऊन घातला, मास्क लावला, डोक्यावर टोपी चढवली. तो आत गेल्यावर एक पोरगं म्हणालं, “आजून एक डॉक्टर आला,” आणि त्यानं भोकाड पसरलं.

शेळके चिडले नाहीत. खिशातली डायरी काढून म्हणाले, “सिस्टर, तुमी एकेक सांगा, मी लिहून घेतो. आमच्या कंपनीतल्या लायनीवरबी असंच असतं. आधी काय चालत नाय ते शिकायचं.”

मग ते खरंच शिकले. केक त्याच सकाळी भाजलेला, क्रीम नसलेला, बंद डब्यात. खेळणी धुता येतील अशीच. खोकला असलेल्यानं घरी थांबायचं. आणि ज्योत नाही, कारण आमच्या भिंतींमधून ऑक्सिजनच्या नळ्या जातात. यावर शेळक्यांच्या बायकोनं विचारलं, “मंग लेकरांना ओवाळायचं कशानं?” डोळ्यांच्या बाहुल्या तपासायला आमच्या खिशात एक छोटी टॉर्च असते. ती पेटवून मी इंजेक्शनं ठेवायच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली. कुणाकडं निरांजन असतं, आमच्याकडं बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती असते, इरफानभाईंकडं दोन्हीतलं काही नसतं. टॉर्च मात्र सगळ्यांना चालली.

एकदा या पार्टीची खबर लागून एक पुढारीही आले. सोबत डझनभर माणसं, दोन कॅमेरे, शाल आणि नारळ. मी म्हटलं, एक पास, एक माणूस. साहेब एकटेच आत गेले. कॅमेरा नसल्यावर काय करायचं असतं ते त्यांना सुचेना. शेवटी एका मुलीनं त्यांना शेजारी बसवून हातात रंगीत खडू दिला. पाऊण तास ते हत्ती रंगवत होते. जाताना मला म्हणाले, “बाई, लई दिसांनी असं झालं, कुणी कायी मागितलं नाय.” शाल-नारळ बाहेरच्या वॉचमनला मिळाले.

पण या कामात मी एक मोठी चूक केली आहे आणि ती लपवून ठेवणार नाही. रोहन नावाचा सात वर्षांचा मुलगा होता. त्याच्या बड्डेच्या रविवारी त्याचा काउंट अगदी खाली होता, म्हणून तो काचेच्या वेगळ्या खोलीत होता. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू, बड्डे काय पळून जातोय? त्याचा केक मी परत पाठवला. पुढचा आठवडा रोहनला मिळाला नाही. काचेबाहेरून, लांबून, काहीतरी करता आलं असतं. नियम बरोबर होता, माझं चुकलं. तेव्हापासून आमच्या वॉर्डात बड्डे पुढं ढकलत नाहीत. आत जाता येत नसेल तर काचेतून करतात, पण त्याच दिवशी करतात.

आता ज्या पार्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडं येते.

त्या उन्हाळ्यात पाच नंबरच्या खाटेवर पायल होती. नऊ वर्षांची, चितेगावची, रक्ताचा कॅन्सर. तोंडानं भारी तिखट. मी सुई घेऊन गेले की मलाच शिकवायची, “सिस्टर, त्या शिरेत नका टोचू, ती बंद पडलीय.” औषधांना ती छान साथ देत होती. अजून चार-पाच महिने नेटानं उपचार झाले असते तर पोरगी बरी होण्यासारखी होती. हे उपचार मधेच सोडले तर आजार उलटतो, आणि उलटलेला आजार सहसा औषधाला दाद देत नाही.

धीर सुटला होता तो तिच्या आईचा. चंद्रकला सात महिने वॉर्डात होती. मुलींच्या बाजूला फक्त बाईमाणूस थांबेल असा नियम, त्यामुळे तिला बदली नव्हती. नवरा चितेगावच्याच एका कंपनीत. तीन वर्षांचा धाकटा मुलगा सासूपाशी. सासूचा रोज फोन यायचा, “पोरीचे हाल कायला करायलीस? घरी आण. देवाच्या मनात असंल ते व्हईल.” मे महिन्याच्या शेवटी चंद्रकला माझ्या टेबलापाशी आली आणि खाली बघत म्हणाली, “सिस्टर, त्यो कागद द्या.”

तो कागद म्हणजे, डॉक्टरांचा सल्ला नसताना आम्ही आमच्या जबाबदारीवर पेशंट घरी नेत आहोत, असं लिहून द्यायचा फॉर्म. तो भरून द्यायचं आई-बापानं एकदा पक्कं केलं की आमचं फारसं काही चालत नाही. जन्मभर ‘नाही’ म्हणणाऱ्या माझ्यासारखीला तिथं नाही म्हणता येत नाही. मी तिला डॉक्टरांपुढं बसवलं. आजार उलटतो म्हणजे काय होतं ते कागदावर चित्र काढून सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “व्हय, समजलं. सोमवारी सही करते.” आणि पिशवी भरून खाटेखाली सरकवून ठेवली.

मधला रविवार पार्टीचा होता.

पार्टीची यादी दर महिन्याला ऑफिसातून शेळक्यांना जायची. नाव, जन्माचा दिवस आणि महिना, साल नाही, मुलगा की मुलगी, एवढंच. नेहमीची क्लार्क रजेवर होती. तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीनं कॉम्प्युटरमधून जूनची यादी काढली; पण ती पेशंटची नव्हती, पासची होती. म्हणजे मुलांजवळ थांबणाऱ्या नातेवाइकांची, आधार कार्डावरून भरलेली. एरवी यादीत दोन-तीन नावं असायची. या यादीत तेरा होती, आणि तेराही जणांची तारीख एक जून. समोसे उघडून बघणाऱ्या मी त्या कागदावर न बघता सही केली.

शेळक्यांनी तरी विचारावं की नाही? पण त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. आमच्याकडं गावात पोर शाळेत घालायला नेलं की मास्तर त्याच्याकडं बघून वय ठरवायचे आणि तारीख लावायचे एक जून, म्हणजे शाळा भरायच्या आत वय पुरं. शेळक्यांची तारीख एक जून. त्यांच्या लाइनवरच्या निम्म्या माणसांची एक जून. माझीही तीच. तेरा जण एकाच दिवशी जन्मले, यात मराठवाड्याच्या माणसाला नवल वाटायचं काय कारण? शंका आली ती एकट्या इरफानभाईंना, आणि तीही निराळीच. केकचे डबे उतरवताना ते मला म्हणाले, “सिस्टर, आजकल लोगां बच्चों के नामां इत्ते पुराने कायकू रख रे? भाऊसाहेब, शकुंतला, कौसाबाई... मेरेकू लगा, फॅशन वापस आ गई होंगी.”

मी एक झाकण उघडलं. मग दुसरं उघडलं. तेरा छोटे केक, प्रत्येकावर साखरेनं नाव. तेरा कागदी टोप्या. तेरा खोकी, त्यांवर चिठ्ठ्या. चिरंजीव भाऊसाहेब. कुमारी कौसाबाई. भाऊसाहेब म्हणजे आमच्या वॉर्डातला झुपकेदार मिशांचा ट्रक ड्रायव्हर, आणि कौसाबाई म्हणजे दोन नंबरच्या मुलाची आजी. खरोखर जूनमध्ये जन्मलेली दोन मुलं होती, त्यांची नावं कुठंच नव्हती.

शेळक्यांनी कपाळाला हात लावला. “सिस्टर, आता कसं करायचं?”

आत मुलं मास्क लावून, हात धुऊन, तासभर आधीपासून तयार बसली होती. मी म्हणणार होते, पुढच्या रविवारी करू. ‘पुढच्या’ इतकं तोंडातून निघालंही, आणि रोहन आठवला. तेवढ्यात पायल सलाइनचा स्टँड ढकलत दारापर्यंत आलीच होती. तिनं डब्यात डोकावून वाचलं आणि ओरडली, “मम्मे! तुझा केक हाय!”

चंद्रकला उठून आली. “नाय गं. ती मास्तरनी लावलेली तारीख हाय. माझा बड्डे नाय आज.”

“मंग खरा कधी असतो?”

“कुणाला ठाव. तुरी सोंगायच्या, सुगीच्या दिसांत झाली, असं माझी माय म्हणायची.”

“म्हंजे तुझा बड्डे कधीच केला नाय?”

चंद्रकला नुसती हसली. पायलनं वॉर्डाकडं तोंड केलं आणि मी सगळ्यांना औषधाची वेळ सांगते त्याच आवाजात सांगितलं, “आज मम्म्यांचा, पप्पांचा बड्डे हाय. आपुन करायचा. समद्यांनी उठा!”

मी पुष्कळ पार्ट्या पाहिल्या होत्या, पण अशी पाहिली नव्हती. जी मुलं सहा सहा महिने नुसती घेत होती, औषध घ्या, सुई घ्या, खेळणी घ्या, ती मुलं उठून कामाला लागली. जूनच्या त्या दोन खऱ्या मानकऱ्यांना पायलनं टोप्या वाटायचं काम दिलं, आणि त्यांनी ते असं मिरवलं की स्वतःचा केक नसल्याची त्यांना आठवणही झाली नाही. (त्यांचे दोन केक इरफानभाईंनी संध्याकाळच्या आत करून आणले, ते वेगळं.) भाऊसाहेबांच्या डोक्यावर तुरा असलेली टोपी बसली. त्यांच्या खोक्यातून लाल मोटार निघाली, आणि चार वर्षांच्या लेकाला ती देताना ते म्हणाले, “देतो, पण आधी मी एक चक्कर मारणार.” एवढा मोठा माणूस फरशीवर बसून गाडी पळवत होता. कौसाबाईंना नातवानं केक भरवला तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्या लग्नातबी मला कुणी घास भरवला नाय रं.”

मग पायलनं माझा ट्रे आणि माझी टॉर्च घेतली. आईला खाटेवर बसवलं आणि ओवाळलं. एका हातात ट्रे, दुसऱ्या हाताला सलाइन, म्हणून ट्रे एका बाजूला कलत होता. मग तिनं आईला केकचा घास भरवला. चंद्रकलाच्या खोक्यातून निघाली प्लास्टिकची बाहुली, लांब केसांची, सोबत छोटा कंगवा. ती तिनं मांडीवर घेतली आणि बाहुलीचे केस विंचरायला लागली.

“दे नं मला,” पायल म्हणाली.

“नाय,” चंद्रकला म्हणाली. “माझी हाय.”

सात महिन्यांत तिनं पोरीला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पायल खो खो हसायला लागली. मग दोघीही हसल्या. मला मात्र रडू आलं. मास्कचा तेवढा एक फायदा असतो. याआधीच्या सगळ्या पार्ट्यांमध्ये या बाया कुठं उभ्या असायच्या, हे मी आठवत होते. भिंतीला टेकून, फोटो काढायला मोबाइल धरून. मी मुलांचे काउंट तोंडपाठ सांगायचे आणि त्यांच्या आयांची नावं मला आज केकवर वाचून कळत होती. चंद्रकलाला मी सात महिने ‘पायलची आई’ म्हणत आले होते.

सोमवारी सकाळी ती टेबलापाशी आली. मी तो फॉर्म काढून पुढं ठेवला.

“त्यो नकं, सिस्टर,” ती म्हणाली. “मला चार रोज घरी जाऊ द्या. पायलला नेत नाय. मी एकटीच जाते. तिचा बाप रजा काढून इथं बसंल.”

“मग हे आधी का नाही बोललीस?”

“तुमी इचारलं व्हतं का? तुमी आजाराचं सांगितलं. आजाराचं मला समजलंच व्हतं.” मग ती म्हणाली, “सात महिनं नीट झोपले नाय मी. धाकट्याला बघितलं नाय. काल पोरीनं घास भरवला तवा ध्यानात आलं, की मीबी हाय.”

मी त्या कागदावर किती आई-बापांच्या सह्या घेतल्या असतील. प्रत्येकाला चित्र काढून आजार समजावला. ‘तू शेवटची घरी कधी गेली होतीस’, असं एकीलाही विचारलं नाही. ही रुखरुख माझ्यासोबत राहील.

आता अडचण होती ती माझ्याच नियमाची. मुलींच्या बाजूला पुरुष नाही. मी पायलची खाट दाराजवळच्या कोपऱ्यात घेतली, मधे पडदा लावला आणि तिच्या बापाचा पास स्वतःच्या हातानं लिहिला. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, ही गेली की परत येणार नाही. मग तोही पोरीला उचलून नेईल. आपण पाहिलंय हे.” पाहिलं होतंच. मी म्हटलं, “जबाबदारी माझी.”

शुक्रवारी येते म्हणाली होती. शनिवारी पायलचं पुढचं इंजेक्शन होतं आणि ते चुकवून चालणार नव्हतं. शुक्रवारी ती आली नाही. फोन लागेना. पायलचा बाप संध्याकाळी माझ्याकडं येऊन म्हणाला, “सिस्टर, ती नाय आली तर म्या काय करू? मला एकट्याला नाय जमायचं हे.” मी त्याला चहा दिला. दुसरं काही देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं.

शनिवारी अकराच्या सुमारास चंद्रकला धापा टाकत जिना चढून आली. चपला बाहेर काढल्या, हात धुतले, मास्क लावला, मग माझ्याकडं बघितलं. तोंड झोपेनं सुजलेलं होतं.

“सासूनं उठवलंच नाय,” ती म्हणाली. “म्हणली, झोपू द्या तिला, लई दमलीय पोरगी. फोनबी तिनंच बंद केला. पुढच्या बारीला ती सोता येती म्हणली हितं बसायला.”

बाराला इंजेक्शन झालं. उरलेले सगळे उपचारही झाले. सासूबाई खरंच दोनदा येऊन बसल्या, आणि ‘घरी आण’ असं पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. पायल आता शाळेत जाते आणि ठरल्या तारखेला तपासणीला येऊन नव्या सिस्टरांना शिरा दाखवते.

पुढच्या महिन्यात मी ही हकिगत शेळक्यांना सांगितली. ते डायरी बंद करून म्हणाले, “सिस्टर, लायनीवर माणूस चहाला गेला तर त्याच्या जागेवर रिलीव्हर येतो. मशीन थांबत नाय आन् माणूसबी मोडत नाय. मंग आयांना रिलीव्हर का नाय?” बजाजनगरच्या सहा बायांना मी शिकवलं. हात कसे धुवायचे, ताप कसा बघायचा, सिस्टरला हाक कधी मारायची. त्या मुलांपाशी बसतात, आया घरी जाऊन येतात. बड्डे दर महिन्याला मुलांचे होतातच, पण जूनचा पहिला रविवार आता आई-बापांचा असतो आणि यजमान मुलं असतात.

मी निवृत्त होऊन पडेगावला घरी बसले होते, तीन महिन्यांत कंटाळले आणि शेळक्यांच्या गटात शिरले. आता दारात माझीच एक ज्युनिअर इन्चार्ज आहे. पहिल्याच दिवशी तिनं माझी पिशवी उघडून चिक्की परत पाठवली. मला भारी अभिमान वाटला.

परवा एक नवी आई होती. अडीच महिने वॉर्डात, पोरगं तीन वर्षांचं. आम्ही तिला घरी जा म्हणून कसंबसं तयार केलं. पिशवी घेऊन ती दारापर्यंत जायची आणि परत यायची. मी तिला समजावत होते, तापाची नोंद कोण करेल, डॉक्टर कधी येतील, फोन कुठं करायचा. ती ऐकत होती आणि हलत नव्हती. त्या दिवशी रिलीव्हर म्हणून चंद्रकला आली होती. ती महिन्यातून दोनदा येते, चितेगावहून. तिनं ते पोर मांडीवर घेतलं, त्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि आईला म्हणाली, “जा गं. झोपून ये. मीबी अशीच गेले व्हते, अन् परत आले. तूबी येशील.”

ती बाई गेली. तिसऱ्या दिवशी, सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी, ती हात धुऊन दारात उभी होती.